पोलिसाने हात उचलला, कॅमेऱ्यात आलं, आता करायचं काय? एका कॅमेरेवाल्याचा सल्ला

मी वकील नाही. ऐरोलीत राहतो आणि दिघ्यापासून कोपरखैरण्यापर्यंत सोसायट्या, दुकानं, क्लासेस, जिथे काम मिळेल तिथे सीसीटीव्ही बसवतो, १४ वर्षं झाली. त्यामुळे होतं काय की कुठेही काही लफडं झालं की सेक्रेटरीचा पहिला फोन मला येतो, मग कधी पोलीस येतात पेन ड्राइव्ह घेऊन, कधी मार खाल्लेल्या पोराचा बाप येतो, आणि दोघांनाही पाहिजे असतं ते एकच फुटेज. या धंद्यात जे शिकलो आणि दोन वकील मित्रांच्या डोक्याला ताप देऊन जे समजून घेतलं ते एकदाच लिहून ठेवतोय, कारण तेच तेच सांगून घसा बसलाय आणि बहुतेक लोक येतात ते वरातीमागून घोडं, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, ओव्हरराइट होऊन जुनं पुसलं गेल्यावर.

आधी गटारीची गोष्ट सांगतो म्हणजे बाकीचं पटेल. नवी मुंबईतलाच एक नोड, नाव सांगत नाही, सोसायटीच्या गेटसमोर रात्री नाकाबंदी. सकाळी उठलो तर सगळ्या ग्रुपवर १४ सेकंदांचा व्हिडिओ, पोरगा रस्त्यावर आडवा पडलाय आणि हवालदार काठीने मारतोय. लोक खवळलेले. दुपारी सेक्रेटरीकाकांनी बोलावलं, कमिटीचे ६-७ जण ऑफिसात कोंबून बसलेले, मी गेटचा कॅमेरा लावला. त्या १४ सेकंदांच्या आधीचं जवळजवळ एक मिनिट त्यात होतं. बाईक बॅरिकेडला घासून पुढे जाते, हवालदार हँडल पकडतो, पोरगा उतरतो, कॉलर धरतो, ठोसा मारतो, हवालदाराची टोपी उडते, मग हवालदार पायावर दोन काठ्या मारतो आणि पोरगा खाली. झालं, अर्धी कमिटी म्हणाली बघा, पोराचीच चूक, उगाच पोलिसांना बदनाम करतात. मी म्हटलं थांबा जरा. पोरगा खाली पडल्यावर दोन्ही हात वर करतो, तळवे उघडे, आणि मग ६ सेकंद काहीच होत नाही. हवालदार टोपी उचलतो, झटकतो, डोक्यावर घालतो, आणि मग परत येऊन ४ काठ्या मारतो.

कुणी काही बोललं नाही.

मला या विषयावर जे सांगायचंय ते एवढंच आहे. मारहाणीच्या व्हिडिओचा निकाल एका फटक्यात लावायचा नाही, त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं विचारायचं की आत्ता, या सेकंदाला, बळ वापरायची गरज होती का. पहिल्या दोन काठ्यांना होती असं म्हणता येतं. टोपी घातल्यानंतरच्या ४ काठ्यांना नव्हती. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती इथे चालत नाही, इथे प्रत्येक शीत वेगळं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, लोक अजून जुनेच नंबर बोलतात, पोलीसपण बोलतात. नव्या संहितेचं कलम ४३ अटकेबद्दल आहे. माणूस शब्दाने किंवा कृतीने शरण आला तर त्याच्या अंगाला हात लावायचीसुद्धा गरज नाही, त्याने जबरदस्तीने विरोध केला तर अटकेसाठी लागेल ते सगळं पोलीस करू शकतात. पण फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अटक करताना जीव घ्यायचा अधिकार हे कलम देत नाही. कलम ४६ तर अगदी छोटं आहे, पळून जाऊ नये म्हणून जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त बंधन घालायचं नाही. म्हणजे ते उघडे तळवे महत्त्वाचे. शरण आल्यावर मारलेली काठी ही अटकेसाठी लागणारं बळ राहत नाही, ती शिक्षा होते, आणि शिक्षा द्यायचं काम कोर्टाचं. कबुली किंवा माहिती काढायला मारलं तर भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम १२० आहे, दुखापतीला ७ वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला १० वर्षांपर्यंत. आणि उलट बाजूने, ड्युटीवरच्या पोलिसाची कॉलर धरली तर त्याच न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, ते आयपीसीचं जुनं ३५३. दोन्ही कलमं एकाच रात्रीत, एकाच रस्त्यावर लागू शकतात, एकाने दुसरं माफ होत नाही.

एक गोष्ट पोलिसांच्या बाजूने पण मान्य करायला पाहिजे, आपण घरी पंख्याखाली बसून दहा वेळा पॉज करून बघतो, त्याला तिथे एक सेकंद मिळतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर मध्ये हेच मोजमाप धरलं, की तिथे त्या क्षणी उभ्या असलेल्या शहाण्या पोलिसाला काय वाटलं असतं ते बघा, मागाहून सुचलेलं शहाणपण लावू नका. तो कायदा तिकडचा, आपल्याला लागू नाही, पण बघायची पद्धत म्हणून बरी आहे. फक्त हीच पट्टी लावली तरी ६ सेकंदांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. टोपी झटकायला वेळ मिळाला म्हणजे विचार करायलाही मिळाला.

कॅमेरा कसा फसवतो

हे माझं खातं, म्हणून जरा सविस्तर.

सोसायटीचे बरेच कॅमेरे मी सेकंदाला १० किंवा १२ फ्रेमवर, म्हणजे तेवढ्या चित्रांवर बसवतो, कारण कमिटीला हार्ड डिस्कचे पैसे वाचवायचे असतात. १० फ्रेम म्हणजे दोन चित्रांमध्ये एक दशांश सेकंद. जोरात फिरवलेली काठी त्यात दोन-तीन चित्रांत येते, थप्पड तर कधी कधी येतच नाही, एका फ्रेममध्ये हात मागे आणि पुढच्या फ्रेममध्ये मान वळलेली. यावरून 'मारलंच नाही' असंही म्हणता येत नाही आणि किती जोरात मारलं तेही सांगता येत नाही. गेटला २.८ एमएमची वाइड लेन्स असते, ती माणसांमधलं अंतर जास्त दाखवते, दोन हातांवर उभा माणूस पाच हात लांब वाटतो, मग लोक म्हणतात एवढ्या लांबून त्याला कसला धोका होता. रात्री आयआर, म्हणजे अंधारात बघायचा इन्फ्रारेड दिवा, चालू झाला की चित्र काळं-पांढरं, रक्त काळं दिसतं, काळी पँट कधी पांढरी दिसते, हातात मोबाईल आहे का चाकू ते कळत नाही. आणि मोशन रेकॉर्डिंग लावलेलं असेल तर मधेच ४-५ सेकंद गायब असतात, हालचाल कमी झाली की डीव्हीआर झोपतो. लोकांना वाटतं कुणीतरी कापलं. कापलेलं नसतं, सेटिंग तसं असतं, पण ते सेटिंगचा फोटो काढून दाखवता आलं पाहिजे.

मोबाईलचा व्हिडिओ वेगळ्या प्रकारे फसवतो. लोक खिशातून फोन काढतात तोपर्यंत सुरुवात होऊन गेलेली असते, म्हणजे तो नेहमी मधून चालू होतो. आणि स्लो मोशनमध्ये टाकलेला व्हिडिओ बघून मत बनवू नका, २०१६ मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला होता, तेच दृश्य हळू दाखवलं की बघणाऱ्यांना ते जास्त मुद्दाम केल्यासारखं वाटतं. न्यूज चॅनलवाले नेमकं तेच करतात, वर लाल गोल आणि ढॅण्ण करून आवाज.

आता अंगावरचा कॅमेरा, बॉडीकॅम. ट्रॅफिकवाल्यांच्या छातीवर तुम्ही बघितला असेल. लोकांना वाटतं हा आला की सगळं स्वच्छ होणार. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो गावात २०१२-१३ ला प्रयोग झाला तेव्हा बळाचा वापर बराच कमी झालेला दिसला आणि त्यावर जगभर कॅमेरे विकले गेले, मग वॉशिंग्टन डीसीमध्ये २ हजारांवर पोलिसांवर मोठा प्रयोग झाला, २०१७ ला निकाल आला, तर फरक मोजण्याइतका पडलाच नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. कॅमेरा बटण दाबल्यावर चालू होतो, बटण कधी दाबायचं ते ज्याच्या छातीवर आहे तो ठरवतो, आणि छातीवरच्या कॅमेऱ्यात तो स्वतः कधीच दिसत नाही. झटापटीत तर समोरच्याचा शर्ट आणि आभाळ एवढंच दिसतं, आवाज मात्र मिळतो, आणि आवाज कामाचा, 'सोड साहेब, आलो ना' हे वाक्य कधी बोललं गेलं ते त्यात कळतं. अजून एक, ॲक्सॉनसारख्या कॅमेऱ्यांत बटण दाबायच्या आधीचे ३० सेकंद आपोआप सेव्ह होतात पण साधारणपणे आवाजाशिवाय. सुरुवातीला मुका असलेला व्हिडिओ पाहून लगेच आवाज काढून टाकला म्हणून बोंब मारू नका, आधी सेकंद मोजा.

फुटेज वाचवायचं कसं

पहिले २४ तास. बाकी सगळं नंतर.

सगळ्यात आधी डीव्हीआर किती दिवस साठवतो ते बघा. सोसायटीत साधारण १५ ते ३० दिवस, किराणा दुकानात ७ दिवस, आणि एखाद्या वाइन शॉपला ८ कॅमेरे ५०० जीबीवर चालवलेले असतील तर त्याहून कमी. रेकॉर्डिंग प्लेबॅकला गेल्यावर सगळ्यात जुनी तारीख दिसते, ती लिहून घ्या.

दुसरं, घड्याळ. हे कुणीच करत नाही आणि कोर्टात इथेच लोक आपटतात. डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढा, म्हणजे मोबाईल स्क्रीनशेजारी धरायचा आणि दुसऱ्याच्या मोबाईलने फोटो. त्या गटारीच्या केसमध्ये डीव्हीआर ७ मिनिटं पुढे होता. डीव्हीआरच्या आतला सेल उतरतो आणि वेळ सरकते, इतकं साधं. पण फुटेजमध्ये १२ वाजून ५१ मिनिटं आणि स्टेशन डायरीत १२ वाजून ४४ मिनिटं असं आलं की समोरचा वकील त्यावर अर्धा तास घालवतो.

फुटेज काढताना घटनेच्या आधीची १५ आणि नंतरची १५ मिनिटं घ्या, शेजारच्या कॅमेऱ्यांचंही घ्या. डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्येही काढा आणि एमपी४ मध्येही. स्क्रीनचं मोबाईलने केलेलं शूटिंग हे फक्त ग्रुपवर टाकायला ठीक. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, फाईलमधली तारीख-वेळेची माहिती उडते, म्हणून पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ज्या मोबाईलवर शूट केलंय तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका, फाईलचं नाव बदलू नका, वर गाणं-बिणं तर अजिबात नको.

हॅश काढून ठेवा. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. फुकटची ॲप्स आहेत, कॉम्प्युटरवरही निघतो, एसएचए २५६ निवडा, येणारा लांबलचक नंबर कागदावर लिहा, तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या. नव्या साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे, जुनं ६५ ब, त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅशची जागा दिली आहे. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. हे प्रमाणपत्र नसेल तर कॉपीला पुरावा म्हणून किंमत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात हे पक्कं केलं, आपल्या जालन्याच्याच निवडणुकीचा वाद होता तो, कॅमेरे होते रिटर्निंग ऑफिसरच्या ऑफिसातले. त्याच निकालात म्हटलंय की मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून मी सोसायट्यांना सांगतो, प्रकरण गंभीर असेल तर हार्ड डिस्कच काढून ठेवा, पाकिटात घाला, चिकटपट्टीवर सेक्रेटरी आणि दोन सभासदांच्या सह्या, आणि डीव्हीआरला नवीन डिस्क लावा.

पोलीस फुटेज मागायला आले तर द्यायचंच, पण लेखी मागा, सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस देतात ते, आणि पंचनामा करून घ्या. 'डीव्हीआर घेऊन चाललो, नंतर बघू' याला नम्रपणे साहेब एक ओळ लिहून द्या ना म्हणायचं. मी आजवर म्हटलंय, कुणी खाल्लं नाही मला. कुरकुर करतात, देतात.

रस्त्यावर पोलिसांचं शूटिंग करू शकतो का, हे सगळे विचारतात. अंतर ठेवून, कामात आडवं न येता, हो. पोलीस ठाण्यातसुद्धा शूट केलं म्हणून लोकांवर ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट लावल्याची प्रकरणं झाली, त्यात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही. पण हायकोर्टाचा निकाल रात्री दीड वाजता नाकाबंदीवर वाचून दाखवायला जाऊ नका, आगीतून फुफाट्यात पडाल. शांतपणे १० पावलं मागे सरकून शूट करत राहा. आणि ११२ ला फोन लावा. मदत येईल न येईल, कॉलची नोंद वेळेसकट होते.

अंगावरचा पुरावा

व्हिडिओपेक्षा कोर्टात डॉक्टरचा कागद जास्त चालतो, हे मला उशिरा कळलं. मार बसलाय तर त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात जा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणातली वैद्यकीय नोंद, करा म्हणून सांगा. डॉक्टर विचारतो कसं लागलं, तेव्हा घाबरून 'पडलो' म्हणू नका, तो शब्द कागदावर जातो आणि मरेपर्यंत तुमच्या मागे येतो. प्रत्येक जखमेची जागा, माप, रंग लिहून घ्या. काठीचा वळ बघितलाय कधी नीट? मधे फिकट आणि दोन्ही कडांना दोन लाल रेघा, रेल्वेच्या रुळासारख्या. पडून तसा वळ येत नाही, आणि डॉक्टरने 'रुळासारखे समांतर वळ' असं लिहिलं की बरंच काम झालं. फोटो काढताना शेजारी १० रुपयाचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटर असतं, म्हणजे माप मिळतं. एक फोटो लांबून चेहऱ्यासकट, एक जवळून. मग रोज एक, ४-५ दिवस, कारण वळ लाल, मग निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो आणि त्यावरून साधारण कधीचा ते कळतं. कपडे धुवू नका. आयांना हे सांगावं लागतं, त्या पहिल्यांदा रक्ताचा शर्ट भिजत घालतात.

अटक झाली असेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे सरकारी डॉक्टरची तपासणी व्हायलाच पाहिजे, अंगावर मारहाणीच्या खुणा असतील तर त्या आणि अंदाजे वेळ लिहायची, आणि त्याची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. मागा ती. २४ तासांत कोर्टापुढे उभं करतात तेव्हा न्यायाधीश विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. हे दोन सेकंदांचं काम असतं, शेजारी तेच हवालदार उभे असतात, आणि पोरं मान हलवून नाही म्हणतात, मग रोजनाम्यात 'मारहाणीची तक्रार नाही' असं येतं आणि सहा महिन्यांनी तुम्ही कितीही व्हिडिओ दाखवा, तो कागद आडवा येतो. घरच्यांनी आधीच निरोप पोचवायचा, की विचारलं तर सांग, शर्ट वर करून दाखव. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, ठाण्यात कोर्ट नाक्याला आहे, नाहीतर १५१०० ला फोन.

पोलीस ठाण्यातलं फुटेज

२ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला, प्रत्येक ठाण्यात गेट, कोठडी, व्हरांडा, इन्स्पेक्टरची खोली, मागची बाजू, सगळीकडे आवाजासकट कॅमेरे पाहिजेत, नाइट व्हिजन पाहिजे, साठवण शक्यतो १८ महिने आणि निदान १ वर्ष. ज्याच्या हक्कांवर गदा आली त्याला फुटेज जपून ठेवायला सांगायचा हक्क आहे, आणि हे सगळं दाराशी मोठ्या बोर्डावर, लोकांना समजेल अशा भाषेत लिहायचं. प्रत्यक्षात काय? कॅमेरा असतो, रेकॉर्डिंग नसतं, किंवा नेमका तोच कॅमेरा बंद. तामिळनाडूत साथानकुलमला जून २०२० मध्ये बाप-लेक कोठडीतल्या मारहाणीने गेले, मॅजिस्ट्रेट तपासाला गेले तर डिस्क १ टीबीची आणि सेटिंग असं की रोजचं रेकॉर्डिंग रोज पुसलं जावं. कॅमेरेवाला म्हणून सांगतो, हे सेटिंग आपोआप होत नाही, मेनूत जाऊन कुणीतरी करावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानात ८ महिन्यांत कोठडीत ११ मृत्यू झाल्याची बातमी वाचून सुप्रीम कोर्टाने परत स्वतःहून दखल घेतली, म्हणजे ५ वर्षांनी गाडी कुठवर आलीय ते बघा.

म्हणून अर्ज लगेच टाका, दुसऱ्याच दिवशी. साधा कागद, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, प्रत पोलीस आयुक्तांना, बेलापूरला किंवा ठाण्याला, जो तुमचा हद्दीचा असेल. लिहायचं एवढंच: अमुक तारखेला इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत मला किंवा माझ्या मुलाला आपल्या ठाण्यात ठेवलं होतं, त्या वेळचं सर्व कॅमेऱ्यांचं आवाजासह फुटेज आणि नाकाबंदीवरच्या कर्मचाऱ्यांकडे बॉडीकॅम असतील तर त्यांचं रेकॉर्डिंग जतन करावं. आरोप, शिव्या, मानवतेला काळिमा वगैरे काही नको. आवक शिक्का घ्या, नाही दिला तर स्पीड पोस्ट. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा स्टॅम्प, एरवी ३० दिवसांत उत्तर, पण कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत द्यावं लागतं, तसं अर्जावर ठळक लिहा. नाही म्हणाले तर पहिलं अपील. माहिती मिळाली नाही तरी चालेल, तुमचा अर्ज अमुक तारखेला पोचला होता आणि फुटेज त्यानंतर पुसलं गेलं हे सिद्ध झालं तर तेही कोर्टाला खटकतं.

चलानाचा वाद असेल तर अजून सोपं आहे, २०२१ ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ आला, त्यात बॉडीकॅमसुद्धा चलानाच्या यंत्रात धरलाय, आणि ते रेकॉर्ड चलान निकाली निघेपर्यंत ठेवावं लागतं.

तक्रार नोंदवून घेत नाहीत हे तर नेहमीचंच. मग सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या पोटकलम ४ प्रमाणे वरिष्ठांना लेखी, आपल्याकडे म्हणजे उपायुक्तांना, आणि तिथेही काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून १ वर्षाच्या आत. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही मुंबईतच आहे.

'व्हिडिओ असून सुटला कसा?'

कारण तीन ठिकाणी तीन वेगळ्या चाळण्या लागतात. फौजदारी कोर्टात वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, सगळ्यात बारीक चाळण. खात्याच्या चौकशीत जास्त शक्यता कुठल्या बाजूला झुकते एवढं पुरतं, म्हणून कोर्टात सुटलेला हवालदार खात्यात पगारवाढ गमावू शकतो. आयोग किंवा हायकोर्ट भरपाईकडे बघतं. आणि ही बारीक चाळण उद्या तुमच्या पोरालाही वाचवणार आहे, पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही तो त्याच्याच भल्यासाठी. हवालदारासाठी चाळण मोठी करा म्हणायचं आणि आपल्यासाठी बारीक, असं नाही चालत.

आणि कॅमेरा नसेल तिथे काय, तर बाकीचा पुरावा. मुंब्रा बायपासवर २३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीत गोळी लागून मेला. लोकांनी पेढे वाटले, मला माहितीय, आमच्या नाक्यावरही वाटले, आणि त्या माणसावरचा आरोप ऐकून कुणाचंही डोकं फिरेल हेही खरं. पण हायकोर्टाने दोन दिवसांत विचारलं की गोळी डोक्यात का, हातापायावर का नाही, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली गेली ती पिस्तुलावरच्या बोटांच्या ठशांसारख्या गोष्टींवरून. ७ एप्रिल २०२५ ला हायकोर्टाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. गंमत बघा, चकमकीत कुणी मेलं तर स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी झालीच पाहिजे हा सुप्रीम कोर्टाचा निकाल बरोबर १० वर्षं आधीचा, २३ सप्टेंबर २०१४, आणि तोही महाराष्ट्राच्याच विरोधातला.

गटारीच्या केसचं पुढे काय झालं ते विचारतात म्हणून. दुसऱ्या दिवशी पोराचा बाप आला, कॉपी द्या, फक्त शेवटच्या ४ काठ्यांची. संध्याकाळी हवालदाराचा मेहुणा आला, त्याला पाहिजे होती फक्त ठोशाची. दोघांनाही चहा पाजला आणि सांगितलं की पाकीट बंद झालंय, तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागा, मिळेल तेव्हा सगळं मिळेल, आधीपासून शेवटपर्यंत. दोघंही चिडून गेले. पोरावर १३२ लागलं, हवालदाराची खात्याकडून चौकशी लागली, दोन्ही अजून चालूच आहेत. चौकशीत मला बोलावलं होतं, सेक्रेटरीकाकाही होते. मी काठ्यांबद्दल बोलायची तयारी करून गेलेलो, फ्रेम, लेन्स, सगळं. साहेबांनी कागद उलटसुलट केले, चष्मा वर सरकवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या डीव्हीआरमध्ये १२ वाजून ५१ मिनिटं आहेत, डायरीत १२ वाजून ४४, यातलं खरं कुठलं?"

मी दोन घड्याळांचा तो फोटो पुढे सरकवला.